हळू येणाऱ्याला वाट

आमच्या घरात बाबांना 'कंट्रोल' म्हणायची पद्धत होती. सुरुवात आईने केली. "कंट्रोल, ताट वाढलंय, ओव्हर," असं ती स्वयंपाकघरातून सांगायची आणि बाबा वर्तमानपत्रामागून "रॉजर" म्हणत. मग शेजारच्या मुलांनी त्यांचं कंट्रोलकाका केलं. पुढे पुढे तर पत्ता विचारत आलेल्या माणसाला लोक "कंट्रोलकडे ना? मागचा जिना," असं सांगू लागले.

पोलीस मुख्यालयाच्या वायरलेस खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. शहरातली प्रत्येक गस्तीची गाडी त्यांच्या आवाजावर चालायची, पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं फार थोड्यांनी. अखेरचं भेटायला आलेले कितीतरी पोलीस फोटोपाशी जरा घुटमळले. "आवाजावरून उंच वाटायचे हो," त्यातला एकजण मला म्हणाला. बाबा माझ्या खांद्याला लागायचे.

थंडी सुरू होता होता ते गेले. आजाराने आधी आवाज नेला, मग सावकाश बाकीचं. आवाज गेल्यावर मी त्यांच्या श्वासावरून ओळखायला शिकले: पाणी हवंय, कूस बदलायची आहे, की नुसतं कुणीतरी जवळ बसायला हवंय. त्या खोलीत मी चांगली जाडजूड पुस्तकं नेऊन ठेवली होती. वाचलं काहीच नाही. ऐकण्यातच वेळ जायचा.

त्यांची एक गोष्ट आम्ही दोघी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. एका दुपारी चौकीबाहेर उभ्या असलेल्या गस्तीच्या गाडीत एका पोलिसाच्या मांडीखाली माइकचं बटण दाबलं गेलं. वायरलेसचं असं असतं की एकाचं बटण दाबलेलं राहिलं, की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. आणि हा पठ्ठ्या गात होता. प्रेमाचं गाणं, तेही बेसूर. अख्खं पोलीस दल ते ऐकत होतं आणि कुणाला चकार शब्द काढता येत नव्हता. नेमकी तेव्हाच कुठेशी आग लागलेली. बाकीच्या गाड्या ठरलेल्या रीतीप्रमाणे राखीव चॅनेलवर गेल्या. राखीव चॅनेलचा नियम एकच, तिथे फक्त कामाचं आणि थोडक्यात बोलायचं. बाबा मात्र पहिल्या चॅनेलला कान लावून बसले. गाणं थांबायचं, गाणारा श्वास घ्यायचा, पुन्हा गाणं. त्या श्वासावरून त्यांनी माणूस ओळखला आणि त्याच्या चौकीत फोन लावला. "माणूस श्वास घेतो, खरखर श्वास घेत नाही," हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. तो गाणारा कोण, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. आई खोदून खोदून विचारायची. बाबा "ओव्हर अँड आउट" म्हणायचे आणि पाठ फिरवायचे.

मी त्याच इमारतीत काम करते, वरच्या मजल्यावर. पोलिसांची वेबसाइट माझ्याकडे आहे. तक्रार नोंदवणं, हरवलेल्या वस्तू, हरवलेली माणसं, सगळं आता त्या साइटवरून चालतं. बाबा गेल्यावर काही दिवस मी घरी होते. मग आईनेच मला बाहेर काढलं. "जा तू कामावर," ती म्हणाली. "एका रिकाम्या खुर्चीकडे बघायला दोन माणसं कशाला लागतात?"

मी रुजू झाले त्याच आठवड्यात आमच्या साइटवर हल्ला झाला.

हल्ला म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी आत शिरलं आणि काहीतरी चोरून नेलं. तसं काही नव्हतं. एखाद्या दुकानासमोर हजारो माणसं उभी करायची, प्रत्येकाने "हे केवढ्याला, ते केवढ्याला" विचारत राहायचं आणि घ्यायचं काहीच नाही. खरं गिऱ्हाईक मागे राहतं, कंटाळतं, घरी जातं. चोरी नाही, तोडफोड नाही, दुकान मात्र बंद. इथे माणसांच्या जागी यंत्रं होती. घराघरांतले कॅमेरे, टीव्ही, इंटरनेटचे डबे, कुणीतरी गुपचूप कामाला लावलेले आणि मालकांना पत्ताही नसलेले. सगळे मिळून आमच्या साइटला क्षणाक्षणाला तेच ते विचारत होते. कुणा टोळक्याने आपल्या पराक्रमाची जाहिरातही केली होती, 'पोलिसांना झोपवलं' म्हणून.

"झोपवलं काय," आमचा पहिलवान पुटपुटला. "मी पहाटेपासून जागा आहे."

पहिलवान आमचे सर्व्हर सांभाळतो. दोन मुलांचा बाप, पण फुंकर मारली तर उडेल असा. टोपणनाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, त्याला स्वतःला ते आवडतं.

आम्ही दोघं पडद्यावर साइटवरच्या भाराचा आलेख बघत होतो. लाल रेघ कड्यासारखी वर गेली होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, अंगात कोट, हातात दुसरा कोट. पुरुषाचा, जाड लोकरीचा.

"खालच्या साहेबांनी वर पाठवलं," ती म्हणाली. "सकाळी माझे बाबा हरवले. ते हरवले ते हरवले, आता तुमच्या साइटवरचं त्यांचं पानही हरवलंय."

मी तिला खुर्ची दिली. तिचे वडील शिंपी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती आणि अलीकडे त्यांची आठवण उसवत चालली होती. उसवत हा तिचा शब्द. सकाळी उठून गळ्यात टेप अडकवायची, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं माप राहिलंय म्हणून निघायचं, हे नेहमीचं. रोज ती त्यांना जिन्यात गाठायची. आज ती आंघोळीला गेली तेवढ्यात ते गेले, अंगावर नुसता सदरा. कोट खुंटीवरच राहिला.

"सकाळपासून रेडिओवर सांगताहेत," ती म्हणाली. "'दिसल्यास पोलिसांच्या साइटवर कळवा.' कुणाला दिसले असतील तर तो कळवणार कुठे?"

"हेल्पलाइनचा नंबर?"

"तो लागत नाही."

तो लागत नव्हता, कारण साइट उघडत नाही हे सांगायला अख्खं शहर तिथे फोन करत होतं. बाहेर बोचरा वारा सुटला होता. अंधार पडला की थंडी हाडात शिरायची, आणि त्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हेही सांगता आलं नसतं. त्याला कुणीतरी पाहिलेलं असणार. शहर म्हणजे काही रान नव्हे. पाहणाऱ्याला आमच्यापर्यंत पोचता यायला हवं होतं, अंधाराच्या आत. माझ्यापुरतं त्या दिवशीचं काम एवढंच होतं, आणि ते मला येत होतं.

तेवढ्यात साहेब आले. आमच्या विभागाचे प्रमुख. सगळी हयात वाहतूक शाखेत गेलेली, निवृत्तीला थोडे दिवस उरले तशी त्यांना ही खुर्ची मिळाली. त्यांच्या टेबलावर अजूनही एक शिट्टी असते आणि बैठक लांबली की ते ती हातात घेतात.

"काय परिस्थिती आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आलेखाकडे बघितलं, बाईकडे बघितलं, तिच्या हातातल्या कोटाकडे बघितलं.

"नाकाबंदी करा," ते म्हणाले.

"साहेब?"

"सगळे रस्ते अडवा. जो येईल त्याला थांबवा, तपासा, मग सोडा. गाडी कुणाची का असेना."

पोलिसाच्या अंगात ही गोष्ट इतकी भिनलेली असते की संकट कुठलंही असो, हात आधी अडथळे उभे करायलाच जातो. आणि असा अडथळा आमच्याकडे तयार होता. साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला 'मी माणूस आहे' अशी खूण करायला लावायची, मग चित्रं दाखवायची आणि त्यातली सायकलची चित्रं निवडायला सांगायची. यंत्राला ते जमत नाही. पहिलवानाने अडथळा लावला.

लाल रेघ कोसळली. पाहता पाहता पायथ्याला आली.

"हे बघा," साहेब म्हणाले. पहिलवानाने खुर्चीत अंग सैल सोडलं. कुणीतरी चहा मागवला. साहेबांनी त्या बाईला स्वतःच्या हाताने कप दिला. "ताई, साइट चालू झाली. आता येतील बघा निरोप."

निरोप आले नाहीत.

मी हरवलेल्या माणसांचं पान उघडून बसले होते. सकाळी हल्ल्याचा जोर वाढण्याआधी तिथे निरोपांची रीघ होती: अमुक बागेत दिसले, तमुक पुलावर दिसले. बरेचसे चुकीचे, पण माणसांचे. आता काहीच नाही. चहा निवला तरी काही नाही. एवढ्या मोठ्या शहरात एकाएकी सगळ्यांना त्या म्हाताऱ्याचं काही देणंघेणं उरलं नाही, हे मला पटेना.

मी आईला फोन लावला.

"जेवलीस का?" ती म्हणाली.

"नाही. आई, एक काम कर. फोनवर आमची साइट उघड आणि मला काय दिसतं ते सांग."

"आता पोलिसांना माझी मदत लागायला लागली का?" चष्मा शोधल्याचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर ठेवला. "हं. हे म्हणतंय, मी माणूस आहे. तिथे टिचकी मारू?"

"मार."

"मारली. आता विचारतंय, सायकली कुठे आहेत. अगं, चित्रं केवढी बारीक! या एका चित्रात नुसतं चाक दिसतंय. ते धरायचं का?"

पहिलवान हसू दाबत होता.

"धर."

"धरलं. चूक म्हणतंय. आता दुसरीच चित्रं आली. यात बाई सायकलवर बसलीय, तिच्यासकट धरायची? हे बघ, आता सगळं पांढरं झालं. काहीच दिसत नाही."

"परत कर बघू."

"नाही करायचं मला. मी माणूस आहे हे मी किती जणांना पटवून देऊ? तुझ्या बाबांना पटवण्यात माझा संसार गेला." आणि मग जरा थांबून, "तू जेवून घे."

साहेब कप धरून उभे होते. ते हसले नाहीत. "वय झालेल्यांना होतं असं थोडं," ते म्हणाले.

"साहेब, दुपारच्या वेळी घराबाहेर बाकावर, दारात, दुकानात निवांत बसलेलं कोण असतं? म्हाताऱ्या माणसाला बघणारं म्हातारं माणूसच असतं. तरुण माणूस फोनमध्ये बघत पुढे जातो. जे बघतात त्यांनाच आपण सायकली शोधायला बसवलंय."

बाबा नाकाबंदीबद्दल जे म्हणायचे ते माझ्या तोंडावर आलं होतं: नाकाबंदी चोरासाठी असते, रांगेत उभं राहतं गाव. पण मी ते गिळलं. वडिलांच्या म्हणी घेऊन ऑफिसात भांडू नये, आणि मला अजून तो आवाज आपल्या तोंडून ऐकायचा नव्हता.

मी अडथळ्यापाशी थांबवलेल्यांची नोंद पडद्यावर घेतली. ओळीच्या ओळी धावत होत्या. यंत्रं अजून येतच होती, फक्त दारावर आपटत होती. एकेका इंटरनेट-पत्त्यावरून विनंतीला विनंती चिकटलेली, मध्ये फट म्हणून नाही. खरखर. पूर्वी घरी बाबांच्या जुन्या रेडिओवर स्टेशन सुटलं की यायची तशी, नुसती डोळ्यांनी दिसणारी.

आणि त्या खरखरीत एक पत्ता वेगळा होता. एक विनंती. मग काहीच नाही. चित्रं पाठवली गेली, उत्तर चुकलं. पुन्हा शांतता, चांगली मोठी. त्याच पत्त्यावरून पुन्हा एक विनंती, त्याच पानासाठी: शिंप्याचं पान. पुन्हा चूक. पुन्हा शांतता. या वेळी आधीपेक्षा लांब, वैतागून पाणीबिणी प्यायला उठल्यासारखी. मग पुन्हा.

मी हात टेबलावर ठेवून बघत राहिले. शेवटच्या दिवसांत बाबांच्या पलंगाशी बसून मी हेच करायचे. मधल्या शांततेवरून समजायचं.

"हा माणूस आहे," मी म्हणाले.

पहिलवान वाकून बघायला लागला. "ताई, कशावरून?"

"हा श्वास घेतोय."

माझ्या मागे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"हा कुठे बसलाय ते काढ, पहिलवान," मी म्हणाले. पण पत्त्यावरून ठावठिकाणा निघेना. सरकारी जाळ्यातला सामायिक पत्ता होता, कुठल्याही कचेरीतला कुठलाही जुनाट संगणक असू शकत होता. आम्ही त्या माणसापर्यंत जाऊ शकत नव्हतो. त्यालाच आमच्यापर्यंत येऊ द्यायला हवं होतं.

"साहेब, अडथळा असा सगळ्यांना नको. जो भराभर विचारतो त्यालाच अडवू. जो एकदा विचारून गप्प बसतो त्याला न थांबवता आत सोडू. आणि शिंप्याचं पान मी वेगळ्या सर्व्हरवर टाकते. चित्रबित्र काही नाही, त्यांचा फोटो, दोन ओळी आणि लिहायला एक चौकट. इतकं हलकं की जुन्यातल्या जुन्या डब्यावरही उघडेल."

"आणि यंत्रं हळू यायला शिकली तर?"

"हळू आली तर येऊ देत. दार मोडतं ते रेटारेटीने. रांगेत येणाऱ्याने मोडत नाही. आणि समजा लाखोंनी शिकली, तरी ते हलकं पान त्यांना पुरून उरेल."

"आणि नाही उरलं तर? वरून मला विचारतील, चालू झालेली साइट परत पाडली कुणी?"

"मी पाडली म्हणून सांगा. पण साहेब, ती चालू नाहीये. दिवा लागलाय, दार बंद आहे."

शिंप्याची मुलगी कोटाची बाही हातात घेऊन ती नीट घडीवर बसवत होती. साहेबांनी माझ्या पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघितलं. पुन्हा एक विनंती आली होती. पुन्हा चूक.

"श्वासावरून," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आवाज खाली आणला. "तुझ्या वडिलांनी तुला ती गाण्याची गोष्ट सांगितली असेल."

"पुष्कळदा."

"नाव सांगितलं?"

"नाही."

"मी." त्यांनी शिट्टी खिशातून काढली आणि परत खिशात ठेवली. "नवीन होतो. माझं नाक जन्मापासून जरा वाजतं. त्यांनी मला तेवढ्यावरून धरलं. चौकीत फोन आला, निरोप घेऊन एकजण धावत गाडीपाशी आला, तेव्हा वाटलं, आता गेली नोकरी. निरोप एवढाच होता, 'बाळा, मांडी उचल.' चौकशी झाली, बरेच दिवस चालली. नाव त्यांनी दिलं नाही. म्हणाले, आवाज ओळखू आला नाही. शहरातला प्रत्येक आवाज ओळखणारा माणूस तो."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आणि बाकीच्या गाड्यांचं काम त्या दिवशी अडलं नाही," साहेब पुढे म्हणाले, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "राखीव चॅनेल मोकळं होतं म्हणून. वाहतुकीतही तेच करतो आम्ही. चौक तुंबला की आधी तुंबारा नाही सोडवायचा. आधी एक लेन मोकळी करायची, अँब्युलन्सपुरती. एवढी वर्षं लोकांना शिकवलं आणि इथे येऊन विसरलो." ते उठले. "कर तुझी लेन. पहिलवान, मॅडम सांगतील तसं."

पुढचं काम म्हणजे नुसतं काम होतं, आणि ते करताना मला बरं वाटत होतं. पान मी हाताने लिहिलं. साधं, घरच्या निरोपासारखं: 'हे आजोबा आज सकाळपासून घरी आलेले नाहीत. गळ्यात टेप आहे. दिसले असतील तर इथे लिहा.' पहिलवानाने वेगाचा नियम लावला. बोट बटणावर ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"सोड," मी म्हणाले.

लाल रेघ उठली. पायथ्यापासून वर, आणखी वर. पहिलवानाने श्वास रोखला. साहेब आलेखाकडे न बघता खिडकीतून खालच्या चौकाकडे बघत उभे राहिले. रेघ कंबरेपर्यंत आली, डगमगली आणि तिथेच आडवी झाली. दारावरची झुंबड दारावरच राहिली आणि बाजूच्या वाटेने एकेक, एकेक, हळूहळू माणसं आत येऊ लागली. शहर बिचारं दुपारभर तिष्ठत होतं. बागेत दिसले. दुसऱ्या बागेत दिसले. असा टेपवाला माणूस कालही दिसला होता. कुणा आजीने लिहिलं होतं की दिसले नाहीत, पण लक्ष ठेवते.

मग त्या वेगळ्या पत्त्यावरून एक निरोप आला. लांबलचक, एकाही स्वल्पविरामाशिवाय. मी मोठ्याने वाचला.

"सायकली शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली पण शेवटी उघडलं एकदाचं तुमचं ते तुमचा टेपवाला माणूस इथे जुन्या बोटधक्क्यावर माझ्या तिकिटाच्या खिडकीसमोर आहे पलीकडच्या काठाचं तिकीट मागतोय म्हणतो कोटाचं माप घ्यायला जायचंय पलीकडे कोण राहतं आता मी तिकीट देत नाहीये म्हणून रुसलाय खिडकी सोडून मला हलता येत नाही शेवटची बोट सुटेल तेव्हा तिकीट तपासणारा कुणी नसतो चढला तर चढला लवकर या तोवर माझ्या खांद्याचं माप घ्यायला लावते पाठवणारी तिकीटवाली."

शिंप्याची मुलगी उभी राहिली होती. "पलीकडे त्यांचं पहिलं दुकान होतं," ती म्हणाली. "माझ्या जन्माच्या आधी."

"चला," मी म्हणाले.

निरोप फोनवरून खाली देता आला असता. पण मला जावंसं वाटलं, आणि साहेबही काही न बोलता आमच्याबरोबर जिना उतरले. वायरलेस खोलीत बाबा गेल्यापासून मी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसते. तिने खुर्ची उंच करून घेतली आहे, तिला तेवढी लागते. मी निरोप तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं. आवाज स्वच्छ होता, शांत, घाई नसलेला. बोटधक्क्याजवळची गाडी कुठली, तिने विचारलं. उत्तर आलं. तिने सांगितलं, त्यांनी परत म्हणून दाखवलं. मग खोलीत फक्त यंत्रांची बारीक घरघर उरली.

खिडकीबाहेरचा उजेड कमी होत होता. शिंप्याच्या मुलीने माझा हात धरला. ओळख नसलेल्या माणसाचा धरतात तसा, मनगटाजवळ.

"तुमचे वडील कुठे असतात?" तिने विचारलं. वाट बघताना माणूस काहीही विचारतं.

"ते इथेच काम करायचे," मी म्हणाले. "या खुर्चीत. मागच्या महिन्यात गेले."

तिने हात सोडला नाही, उलट जरा घट्ट धरला.

मग स्पीकरमध्ये खट् झालं. बटण दाबलं गेलं होतं. लगेच कुणी बोललं नाही. कुणीतरी धावत आल्यासारखा श्वास घेतला, एक, मोठा, आणि तो ऐकताच मला कळलं. वाईट बातमी सांगणारा माणूस असा श्वास घेत नाही.

"कंट्रोल," तो आवाज म्हणाला, "आजोबा भेटले. सुखरूप आहेत. बोटीच्या फळीवर एक पाय होता. आता गाडीत बसवलंय, पण एक अडचण आहे."

"बोला," खुर्चीतली बाई म्हणाली.

"माप पुरं झाल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. माझं झालं, आता ड्रायव्हरचं चाललंय. म्हणतात, दोघांचीही वर्दी खांद्यात ढगळ आहे. ओव्हर."

शिंप्याची मुलगी खाली बसली, लादीवरच, कोट मांडीवर घेऊन. ती हसत होती. मग नुसते खांदे हलायला लागले. मी तिच्याजवळ बसले. साहेबांनी तोंड भिंतीकडे केलं आणि नाक शिंकरलं. ते खरंच वाजतं.

आजोबांना घेऊन गाडी आली तेव्हा दिवे लागले होते. मुलीने त्यांना कोट घातला. त्यांनी बाहीची शिवण पालथी करून बघितली. "चांगला शिवलाय," ते म्हणाले. "कुणी शिवला?"

"तुम्हीच," ती म्हणाली.

"तरीच," आजोबा म्हणाले.

वर पहिलवान एकटाच होता. हल्ला चालूच होता, लाल रेघ कंबरेवर तशीच आडवी. ते टोळकं अजून आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होतं आणि बाजूच्या वाटेने माणसं येत होती, जात होती. कुणी हरवलेल्या पाकिटासाठी, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी. पहिलवान डबा उघडून बसला होता. "चालू देत त्यांचं," तो म्हणाला. "आपलंही चाललंय."

मी आईला फोन केला.

"सापडले?" तिने विचारलं. मी तिला दुपारी काही सांगितलं नव्हतं. रेडिओ तिनेही ऐकला होता.

"सापडले. बोटधक्क्यावर."

"बरं झालं." फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, मी तो ऐकत राहिले. "आणि ते सायकलींचं?"

"काढून टाकलं. आई, आज मला बाबांच्या गोष्टीतला गाणारा माणूस भेटला."

"काय सांगतेस? कोण मेला तो? सगळी वर्षं विचारत होते मी. सांग, सांग, कोण?"

दाराच्या काचेतून साहेब दिसत होते. टेबलावर वाकून ते शिट्टी रुमालाने पुसत होते.

"ओव्हर अँड आउट," मी म्हणाले.

पलीकडे आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "बापावर गेलीस," ती म्हणाली. "ये आता घरी. ताट वाढते."

"रॉजर," मी म्हणाले आणि कोट घेतला.